भाषेच्या रकान्यातली तीन अक्षरं

माझी भाची पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात रात्री उशिरा तिचा फोन आला. तिच्या वर्गाला एक प्रात्यक्षिक दिलं होतं. घरातली वीस पुस्तकं, वह्या, कागदपत्रं घ्यायची आणि ग्रंथालयात करतात तशी त्यांची पद्धतशीर नोंद करायची. शीर्षक, लेखक, पानं, साल आणि भाषा. भाषा लिहायची ती शब्दांत नाही, आंतरराष्ट्रीय कोडमध्ये. मराठीला एम-ए-आर, उर्दूला यू-आर-डी, अरबीला ए-आर-ए. एकोणीस नोंदी झाल्या होत्या. विसावी वही तिच्या नानीची, म्हणजे माझ्या मरहूम अम्मीची होती. लग्नात हळदीला, मेंदीला म्हणायची गाणी अम्मीने त्यात उतरवून ठेवली होती. भाषा आमच्या रायगड किनाऱ्यावरची कोकणी, लिपी उर्दू.

"मामू, हिच्या भाषेच्या रकान्यात काय लिहू?" हा तिचा खरा प्रश्न. पण त्याआधी तिने दुसराच प्रश्न टाकला. "आमच्या पुस्तकात उदाहरण दिलंय. लात्व्हियन भाषेला तीन अक्षरांचा एकच कोड, आणि बास्क भाषेला दोन. सरकार, सैन्य, नोटा सगळं असलेल्या देशाच्या भाषेला एक आणि देश नसलेल्या भाषेला दोन. असं कसं?"

मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. मग वाचायला बसलो आणि दोनाचे दहा दिवस झाले. त्या वाचनातून हाती आलेली ही गोष्ट आहे. ती दिसायला तांत्रिक आहे. तिच्या मुळाशी मात्र युद्धं, बंदी, धर्माच्या सीमा आणि माणसांचे हट्ट आहेत.

कोड आले कुठून?

भाषांना अक्षरांच्या खुणा देण्याची गरज सर्वात आधी ग्रंथालयांना आणि परिभाषा ठरवणाऱ्यांना पडली. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवायला सुरुवात केली. हेन्रिएट एव्हरम या बाईंच्या नेतृत्वाखाली 'मार्क' नावाची पद्धत तयार झाली. जगभरची ग्रंथालयं आजही तिच्यावर चालतात. त्या पद्धतीत प्रत्येक भाषेला तीन अक्षरं मिळाली. काम अमेरिकेत झालं, त्यामुळे अक्षरं बहुतेक इंग्रजी नावांवरून पडली.

दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने म्हणजे आयएसओने १९६७ साली भाषांच्या खुणांबाबत पहिली शिफारस काढली. तिचा क्रमांक ६३९. पुढे १९८८ मध्ये तिचं रीतसर मानक झालं आणि त्यात दोन अक्षरांचे कोड दिले गेले. मराठीला 'एम-आर', लात्व्हियनला 'एल-व्ही', बास्कला 'ई-यू'. इथे शक्य तिथे भाषेचं स्वतःचं नाव धरलं होतं.

दोन अक्षरांत हिशेबाने ६७६ जोड्या बसतात. जगातल्या भाषा सात हजारांच्या घरात. म्हणून १९९८ मध्ये तीन अक्षरांची यादी आली. तिथे पेच उभा राहिला. ग्रंथालयवाले म्हणाले, आमच्याकडे लाखो नोंदी इंग्रजी नावांवरून केलेल्या आहेत, त्या आम्ही बदलणार नाही. परिभाषावाले म्हणाले, भाषेची खूण तिच्या स्वतःच्या नावावरून हवी. शेवटी तडजोड झाली. ज्या भाषांबाबत जमलं नाही त्यांना दोन-दोन कोड मिळाले, एक ग्रंथसूचीसाठी आणि एक परिभाषेसाठी. अशा भाषा आज वीस आहेत. फारसी त्यातच येते. ग्रंथालयात ती 'पर्शियन'वरून 'पी-ई-आर', इतरत्र 'फारसी'वरून 'एफ-ए-एस'. जर्मन, ग्रीक, वेल्श, तिबेटी यांचंही तसंच.

बास्क या वीसमध्ये आहे. ग्रंथालयात तिचा कोड 'बी-ए-क्यू'. 'बास्क' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. रोमन लोक तिथल्या एका टोळीला 'वास्कोनेस' म्हणत, त्यातून ते आलं. ते लोक स्वतः आपल्या भाषेला 'युस्कारा' म्हणतात, म्हणून दुसरा कोड 'ई-यू-एस'. त्यांच्यात बास्क माणसासाठीचा शब्दही भाषेवरूनच बनलेला आहे. 'युस्काल्दुन', म्हणजे ज्याच्यापाशी युस्कारा आहे तो. देशाचं नाव 'युस्काल हेरिया', म्हणजे युस्काराचा मुलूख. ज्या लोकांची सगळी ओळखच भाषेवर उभी आहे, त्यांची भाषा कपाटात मात्र परक्या नावाने लागते.

लात्व्हियनचा प्रश्न आपोआप सुटला होता. इंग्रजीत पूर्वी तिला जर्मनांच्या तोंडून आलेलं 'लेटिश' हे नाव होतं. १८ नोव्हेंबर १९१८ ला लात्व्हिया स्वतंत्र देश म्हणून उभा राहिला आणि पुढे जगाच्या तोंडी त्याचं स्वतःच्या नावाजवळ जाणारं नाव बसलं. लोक भाषेला 'लात्विएशू' म्हणतात, इंग्रज 'लात्व्हियन' म्हणतात. सुरुवात एकच. 'एल-ए-टी' ही अक्षरं लॅटिनकडे आहेत, लात्व्हियनकडे 'एल-ए-व्ही'. दोघांचं एकमत, कोड एकच.

भाचीच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर इथे संपतं. लात्व्हियनच्या लोकांना स्वतःचं राज्य मिळालं आणि त्यांचं नाव जगाने शिकून घेतलं. बास्कची मात्र दोन नावं राहिली, एक घरातलं आणि एक दप्तरातलं.

मला हे वाचताना माझ्या शाळेचा पहिला दिवस आठवला. दाखल्यावर 'मातृभाषा' असा रकाना होता. मास्तरांनी माझं नाव विचारलं, अब्बांचं नाव विचारलं, आणि मातृभाषेपुढे काही न विचारता 'उर्दू' लिहून टाकलं. आमच्या घरात कोकणी बोलत, मी शिकणार होतो मराठीत. उर्दू मला धड वाचता यायला पुढे दहा वर्षं लागली. मास्तरांच्या मनात वाईट काही नसेल. पण रकाना माझा होता आणि त्यात अक्षरं त्यांची पडली.

एकाचे दोन

मी पुढे वाचत गेलो तेव्हा गोष्ट उलटी होताना दिसली. २००७ साली आयएसओ ६३९ चा तिसरा भाग आला. जगातल्या शक्य तितक्या सगळ्या भाषांना तीन अक्षरं देणारी ही यादी. तिचं काम एसआयएल या संस्थेकडे आहे. बायबलच्या भाषांतरासाठी जगभर भाषांचा अभ्यास करण्यातून ही संस्था वाढली. या नव्या यादीत लात्व्हियन एक राहिली नाही. २०१० साली तिच्या पोटात दोन कोड आले. प्रमाण लात्व्हियनसाठी 'एल-व्ही-एस' आणि लातगालियनसाठी 'एल-टी-जी'. जुना 'एल-ए-व्ही' दोघींवरची छत्री बनला. अशा छत्रीला त्या यादीत 'महाभाषा' म्हणतात.

लातगाले हा लात्व्हियाचा पूर्वेकडचा भाग. दाउगावपिल्स आणि रेझेक्ने ही त्यातली मोठी शहरं. १६२९ साली स्वीडन आणि पोलंड-लिथुआनिया यांच्यात तह झाला आणि आजच्या लात्व्हियाची जमीन तुटली. रीगा आणि उत्तरेकडचा प्रदेश स्वीडनकडे गेला, पूर्वेचा लातगाले पोलंडकडे राहिला. स्वीडनच्या बाजूला लूथरचा प्रोटेस्टंट पंथ, पोलंडच्या बाजूला कॅथलिक. प्रोटेस्टंट बाजूला अर्न्स्ट ग्लुक या जर्मन पाद्र्याने बायबलचा लात्व्हियन अनुवाद केला. तो १६८९ च्या सुमारास छापला गेला आणि त्यावर लिखित लात्व्हियनचा पाया पडला. लातगालेत तो चालणार नव्हता, कारण तो दुसऱ्या पंथाचा. तिथे जेझुइट पाद्र्यांनी स्थानिक बोलीत, पोलिश धाटणीच्या लिपीत धार्मिक पुस्तकं काढली. लातगालियनमधलं आज उपलब्ध असलेलं सर्वात जुनं छापील पुस्तक १७५३ सालचं, विल्नियसमध्ये छापलेलं. एका लोकांच्या तोंडी असलेल्या बोलीच्या अशा दोन लिखित भाषा झाल्या.

१७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि लातगाले रशियाकडे गेला. बाकीचा लात्व्हियन मुलूखही त्याच शतकात रशियाने घेतला. पण प्रशासन वेगळंच राहिलं, लातगाले वितेब्स्क प्रांतात घातला गेला. पश्चिमेकडच्या लात्व्हियन शेतकऱ्यांची वेठबिगारी १८१७ आणि १८१९ मध्ये संपली, लातगालेतल्यांची १८६१ मध्ये. चार दशकांचा हा फरक म्हणजे शाळा, छापखाने, वर्तमानपत्रं यांत दोन पिढ्यांचा फरक. त्यावर आणखी एक घाव बसला. पोलंड-लिथुआनियात १८६३ ला उठाव झाला, तो चिरडल्यावर झारच्या सरकारने लिथुआनियात लॅटिन लिपीत छापायला बंदी केली. ती लातगालेलाही लागू झाली. १८६५ ते १९०४, जवळपास चाळीस वर्षं.

या चाळीस वर्षांत लातगालेत पुस्तकं हातांनी लिहिली गेली. आंद्रिव्स युर्जस नावाचा एक शेतकरी होता. दिवसा शेत, रात्री लेखणी. त्याने प्रार्थना, गोष्टी, उपयोगी माहिती असं काय काय हजारो पानं उतरवून ठेवलं आणि ती हस्तलिखितं गावात फिरली. सरकारच्या दृष्टीने त्या भाषेत छापील पुस्तक अस्तित्वात नव्हतं. लोकांच्या दृष्टीने भाषा घराघरांत वाचली जात होती.

एप्रिल १९१७ मध्ये, रशियात झार गेल्यानंतर, रेझेक्नेला लातगालेतल्या प्रतिनिधींची परिषद भरली. फ्रान्सिस त्रासुन्स हे कॅथलिक पाद्री तिच्यात आघाडीवर होते. परिषदेने ठराव केला की लातगालेने वितेब्स्कपासून वेगळं होऊन बाकीच्या लात्व्हियन प्रदेशांशी जोडून घ्यावं. ठरावात आपली भाषा आणि आपला पंथ जपण्याची अटही होती. म्हणजे हे लोक एकत्र यायला स्वतःहून निघाले होते. फक्त आपलं गाठोडं बरोबर घेऊन.

नव्या देशाने सुरुवातीला शब्द पाळला. शाळांत, कचेऱ्यांत लातगालियन चालली. १५ मे १९३४ ला कार्लिस उल्मानिस यांनी संसद बरखास्त करून सत्ता हातात घेतली. एक राष्ट्र, एक भाषा हे धोरण आलं आणि लातगालियन शाळेतून आणि कचेरीतून बाहेर गेली. त्यानंतरच्या सोव्हिएत काळात तिच्यात छापणं जवळजवळ थांबलं. ती चर्चमध्ये आणि स्वयंपाकघरात राहिली.

१९९१ मध्ये लात्व्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. गंमत म्हणजे त्याच्या भाषेचा 'एल-व्ही' हा कोड त्याआधीच, १९८८ मध्ये, तो सोव्हिएत संघात असतानाच यादीत आला होता. भाषेला खूण आधी मिळाली, देश मागाहून परत आला. रशियनच्या पन्नास वर्षांच्या दबावाखालून बाहेर पडलेल्या देशाला आपल्या भाषेबद्दल भीती वाटणं समजण्यासारखं आहे. १९९९ च्या राज्यभाषा कायद्यात लातगालियनचा उल्लेख आला. तिचं जतन आणि विकास राज्य करील असं म्हटलं, पण तिला नाव दिलं 'लात्व्हियन भाषेचा ऐतिहासिक प्रकार'. स्वतंत्र भाषा म्हटलं नाही. पुढे २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ६४ हजार लोकांनी सांगितलं की आम्ही रोजच्या व्यवहारात लातगालियन बोलतो.

म्हणजे आज एकाच बोलण्याची दोन नावं आहेत. देशाच्या कायद्यात ती 'प्रकार' आहे, आंतरराष्ट्रीय यादीत 'भाषा'. आणि यादीतल्या त्या तीन अक्षरांचा उपयोग होतो. विकिपीडियाची नवी आवृत्ती काढायची तर आधी भाषेला कोड लागतो. 'एल-टी-जी' कोड २०१० मध्ये आला आणि २०११ मध्ये लातगालियन विकिपीडिया सुरू झाला.

तिनांचं एक

आता बास्ककडे बघू. एसआयएलच्या जुन्या यादीत बास्क एक नव्हती, तीन होत्या. एक मुख्य बास्क, आणि फ्रान्सच्या हद्दीतल्या दोन. नवार-लाबूरकडची 'बी-क्यू-ई' आणि सूलकडची 'बी-एस-झेड'. २००७ मध्ये हे दोन्ही कोड रद्द झाले आणि तिन्ही मिळून एकच 'ई-यू-एस' राहिला. तीन वर्षांच्या अंतराने, त्याच यादीत, एका भाषेच्या दोन झाल्या आणि तिनांची एक झाली.

बास्क बोली एकमेकींच्या फार जवळ आहेत म्हणून हे झालं का? तसं म्हणवत नाही. पश्चिमेच्या बिझकाइयाचा म्हातारा आणि पूर्वेच्या सूलचा म्हातारा आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांना समजणं अवघड जातं. हा प्रश्न जुना आहे. बास्कमधलं पहिलं छापील पुस्तक १५४५ चं, एचेपारे नावाच्या पाद्र्याचं, बोर्दोमध्ये छापलेलं. त्यानंतर २६ वर्षांनी लेइसारागा यांनी बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद केला. तेव्हाच त्यांनी तक्रार केली होती की इथे जवळजवळ घरागणिक बोलणं बदलतं. मग त्यांनी वेगवेगळ्या बोलींतून घेऊन एक मध्यम रूप बांधायचा प्रयत्न केला. एकोणिसाव्या शतकात नेपोलियनचा पुतण्या लुई-लुसियाँ बोनापार्ट याला या भाषेचं वेड लागलं. त्याने गावोगावची माहिती गोळा करून बोलींचा नकाशा काढला, त्यात आठ बोली दाखवल्या.

आणि मुलूख दोन देशांत कापलेला. फ्रान्सच्या बाजूला क्रांतीच्या काळात, जानेवारी १७९४ मध्ये, बारेर या पुढाऱ्याने सभागृहात सांगितलं की धर्मवेडेपणा बास्क भाषेत बोलतो. शेतकऱ्याची भाषा एका वाक्यात देशद्रोहाच्या जवळ नेऊन ठेवली. स्पेनच्या बाजूला १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निका शहरावर बॉम्ब पडले, आणि फ्रँकोची राजवट आल्यावर शाळा, कचेरी, छापखाना इथून भाषेला हाकललं गेलं. मुलांना बास्क नावं ठेवायलाही मनाई झाली.

या अंधारात एक गोष्ट टिकून राहिली. १९१९ मध्ये स्थापन झालेली 'युस्काल्त्साइंदिया' ही भाषेची अकादमी. ऑक्टोबर १९६८ मध्ये, फ्रँको जिवंत असताना, अरांत्साझू इथल्या डोंगरातल्या मठात अकादमीची बैठक भरली. विषय होता, लिहिण्यासाठी एकच बास्क ठरवायची. मुख्य मांडणी कोल्दो मित्शेलेना या भाषाशास्त्रज्ञाची होती. यादवी युद्धात बास्कांच्या बाजूने लढल्याबद्दल या माणसाला फाशीची शिक्षा झाली होती, ती रद्द होऊन अनेक वर्षं तुरुंगात काढावी लागली होती. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. भाषा जगवायची तर मुलांना एकच पुस्तक शिकवता आलं पाहिजे.

सर्वात मोठं भांडण झालं एका अक्षरावरून. फ्रान्सकडचे बास्क 'ह' उच्चारतात, स्पेनकडचे उच्चारत नाहीत. स्पेनकडचे संख्येने कितीतरी जास्त. तरीही ठरलं की लिखाणात 'ह' ठेवायचा. बिझकाइयातल्या अनेकांना ते रुचलं नाही. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून वाद चालला, मैत्री तुटल्या. पण 'ह' राहिला, आणि त्या एका अक्षरामुळे सीमेपलीकडच्या थोड्या लोकांना हे लिखाण आपलं म्हणता आलं. बहुसंख्याकांनी न बोलायचं अक्षर लिहायला शिकून घेतलं. या एकरूप भाषेला 'बातुआ' म्हणतात, म्हणजे एक केलेली. फ्रँकोनंतर १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने स्पेनमधल्या बास्क प्रांतांत भाषेला अधिकृत दर्जा मिळाला आणि शाळा, दूरचित्रवाणी, वर्तमानपत्र सगळं बातुआत उभं राहिलं. घरात मात्र आपापली बोली बोलायला कुणी कुणाला अडवलं नाही.

नियम एक, निकाल दोन

मग यादीवाल्यांनी एकीकडे फोडलं आणि दुसरीकडे जोडलं, हा पक्षपात का? त्यांचा नियम वाचला तेव्हा उलगडा झाला. दोन बोलींचे लोक एकमेकांचं बोलणं सहज समजत असतील तर ती साधारणपणे एक भाषा धरायची. समजणं जेमतेम असेल, पण दोघांचं समान साहित्य किंवा समान ओळख असेल आणि मध्ये एक रूप दोघांना कळत असेल, तरी एकच धरायची. उलट, समजणं पुरेसं असूनही वेगळी ओळख पक्की रुजलेली असेल तर दोन धरायला हरकत नाही.

म्हणजे कानाने समजणं हा अर्धाच नियम. उरलेला अर्धा, लोक स्वतःला काय समजतात हा. बास्कांनी १९६८ मध्ये वाद घालून एकमेकांसाठी जागा केली, म्हणून त्यांच्या लांबलांबच्या बोली एका कोडाखाली आनंदाने नांदतात. लातगालेचे लोक १९१७ मध्ये गाठोडं घेऊन एकत्र यायला निघाले होते. १९३४ नंतर त्यांना ते दारातच ठेवायला सांगितलं गेलं. त्यांची वेगळी खूण हा त्या गाठोड्याचा हिशेब आहे. एकी ठरावाने येत नाही आणि हुकमाने तर मुळीच येत नाही, समोरच्याचा 'ह' लिहायची तयारी लागते.

एवढं झालं तरी कोड सगळं देत नाही. संगणकात भाषेपुढे देशही लिहावा लागतो. लात्व्हियनचं सोपं आहे, भाषा 'एल-व्ही', देश 'एल-व्ही'. बास्कला देशाच्या जागी स्पेन किंवा फ्रान्स लिहावं लागतं, युस्काल हेरियाला तिथे खूणच नाही. आणि 'ई-यू' हा कोड धारण करणारी बास्क भाषा युरोपियन युनियनच्या चोवीस अधिकृत भाषांत नाही, लात्व्हियन २००४ पासून आहे. इंटरनेटवर '.ईयू' युरोपचं झालं. बास्कांनी मग तीन अक्षरांची वाट धरली आणि २०१४ पासून '.ईयूएस' हा स्वतःचा पत्ता वापरात आणला. परिभाषावाल्यांनी दिलेलं तेच घरातलं नाव शेवटी उपयोगी आलं.

अम्मीची वही

दहा दिवसांनी भाचीला फोन केला. हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग नानीच्या वहीचं काय?"

आपल्याकडेही तेच आहे. कोकणीचा कोड 'के-ओ-के'. दोन अक्षरांचा कोड तिला नाही, आणि तीन अक्षरांच्या यादीत आधीच असलेल्या भाषेला आता तो द्यायचा नाही असं ठरलेलं आहे. 'के-ओ-के' ही लात्व्हियनसारखी छत्री आहे. तिच्याखाली गोव्याची कोकणी 'जी-ओ-एम' आणि दुसरी कोकणी 'के-एन-एन'. या दुसरीत मुख्यतः महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या बोली धरतात. वऱ्हाडीला, अहिराणीला त्या यादीत वेगळे कोड आहेत. मराठीला त्यांच्यावरची छत्री केलेलं नाही. कोणती बोली कुणाची, हा वाद आपल्याकडे काही कमी जुना नाही आणि मी इथे निकाल द्यायला बसलेलो नाही.

पण एक दिसतं. लातगालेत सीमा आखली ती पंथाने. कॅथलिक आहे म्हणून बोली वेगळ्या लिपीत गेली. आमच्याकडेही पाहणारा माणसाचं नाव ऐकतो आणि भाषा ठरवतो. मुसलमान म्हणजे उर्दू. अम्मीने उर्दू लिपी वापरली कारण तिला तेवढीच शिकवली गेली. गाणी कोकणी. त्यातली सून, सासू, होडी, खाडी, भाताचं खळं सगळं शेजारच्या आगरी-कोळी घरात ओळखीचं. लिपी पाहून कुणी तिथे 'यू-आर-डी' लिहिलं असतं तर ती वही उर्दूच्या कपाटात गेली असती आणि तिथे शोधायला कुणी आलं नसतं.

भाचीने ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे 'के-ओ-के' भरलं. मी विचारलं, किनाऱ्याचं, लिपीचं कुठे लिहायचं? ती म्हणाली, कोडच्या पलीकडे टिपेचा एक रकाना असतो, त्यात भाषेबद्दल शब्दांत लिहिता येतं, बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. मग आम्ही फोनवरच वाक्य जुळवलं. 'भाषा कोकणी, रायगड किनाऱ्यावरील मुसलमान कुटुंबांतली बोली. लिपी उर्दू. लिहिणारीच्या हातची.'

तिने ते वाचून दाखवलं. शाळेच्या दाखल्यावर जे राहून गेलं होतं ते या वेळी आम्ही भरलं.